सरासरीत न दिसणारा वेळ

‘सर्व्हर स्लो आहे.’ तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते, आणि तक्रार करणाऱ्याकडून याहून जास्त तपशिलाची अपेक्षा करणं रास्तही नाही. पतसंस्थेच्या काउंटरवरच्या क्लार्कला इतकंच दिसतं, की खातेदार समोर ताटकळतोय, पासबुक प्रिंटरमध्ये घातलेलं आहे आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतंय. पुण्यात बसून अशा अनेक पतसंस्थांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणारी सिस्टिम अ‍ॅडमिन हा फोन घेता घेताच टर्मिनल उघडते. डेटाबेसवाले इंडेक्सकडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले पिंग करून आपली बाजू साफ असल्याचं सांगतात. ती आधी डिस्क बघते. यात हट्ट नाही. प्रोसेसर आणि मेमरीचा कारभार नॅनोसेकंदांत चालतो, फिरत्या डिस्कचा मिलिसेकंदांत. इतका मोठा फरक जिथे आहे तिथे काम तुंबण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तिचं पहिलं साधन आयओस्टॅट. सेबास्तियाँ गोदार यांनी लिहिलेल्या सिसस्टॅट या संचातली ही कमांड लिनक्सच्या जवळपास सगळ्या वितरणांत मिळते. विस्तारित तक्ता मागितला आणि तो दर सेकंदाला नव्याने द्यायला सांगितलं, की प्रत्येक डिस्कची एक ओळ उमटते: सेकंदाला किती रीड, किती राइट, किती किलोबाइट, प्रत्येक रिक्वेस्टला सरासरी किती मिलिसेकंद लागले, रांग किती लांब होती आणि शेवटी यूटिल, म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात होती. नवख्याची फसगत पहिल्याच तक्त्यात होते. तो तक्ता आत्ताचा नसतोच, मशीन बूट झाल्यापासूनची ती सरासरी असते. मार्चपासून अखंड चालू असलेल्या सर्व्हरवर नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी तेवढाच तक्ता पाहून ‘डिस्क निवांत आहे’ असं कळवणारी माणसं तिने पाहिली आहेत. ती वाचायला सुरुवात करते दुसऱ्या तक्त्यापासून.

दुसरा दिशाभूल करणारा आकडा म्हणजे यूटिल. त्याचा अर्थ एवढाच, की इतके टक्के वेळ डिस्ककडे किमान एक तरी रिक्वेस्ट प्रलंबित होती. बँकेच्या सहा खिडक्यांपैकी एकीपुढे दिवसभर एकेक माणूस येत राहिला आणि बाकीच्या पाच रिकाम्या असल्या, तरी या हिशेबाने शाखा १०० टक्के व्यस्त ठरेल. एका वेळी एकाच जागी हेड नेऊ शकणाऱ्या जुन्या डिस्कला हा हिशेब बराचसा लागू पडायचा. रेड किंवा एसएसडी अनेक रिक्वेस्ट एकाच वेळी हाताळतात, तिथे यूटिल १०० असूनही पुष्कळ ताकद शिल्लक असू शकते. आयओस्टॅटच्या मॅन्युअल पानावर ही सूचना छापलेली आहे. त्याच पानावर पूर्वी ‘एसव्हीसीटीएम’ या रकान्याबद्दल याहून कडक इशारा होता, की यापुढे यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या आवृत्त्यांत तो रकाना काढूनच टाकला. आपल्याच साधनातल्या एका आकड्याबद्दल कर्त्याने इतकं स्पष्ट लिहावं, याबद्दल तिला मनापासून आदर आहे.

तिची नजर असते अवेटच्या रकान्यांवर. रिक्वेस्ट निघाल्यापासून उत्तर परत येईपर्यंत गेलेला वेळ, रीडचा वेगळा आणि राइटचा वेगळा. काउंटरसमोरच्या खातेदाराशी थेट नातं आहे ते या आकड्याचं. मात्र तो चांगला की वाईट हे ठरवायला डिस्कची जडणघडण ठाऊक हवी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आठ-नऊ मिलिसेकंद. बेरीज साधारण १३. विखुरलेल्या जागांवरचे रीड एकामागून एक दिले, तर अशी डिस्क सेकंदाला ७५-८० च्या पुढे जात नाही. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या रामॅकच्या हार्ड डिस्कला याच कामासाठी सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. त्यानंतरच्या साठ वर्षांत हा वेळ पन्नासेक पटीने घटला, साठवणक्षमता मात्र लाखो पटींनी वाढली. मोठी डिस्क म्हणजे जास्त वेग, असं धरून चालणाऱ्या खरेदी विभागाला ती हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. ४ टीबीची एक डिस्क आणि १ टीबीच्या चार डिस्क, जागा तेवढीच, पण रीड चौपट.

रांगेचा हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने होतो. सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ म्हणजे रांगेची सरासरी लांबी. सेकंदाला ८० रिक्वेस्ट पुऱ्या होत असतील आणि रांगेत आठ असतील, तर प्रत्येकीला १०० मिलिसेकंद लागत आहेत. तक्त्यातले तीन रकाने या गुणाकारात बसतात का, हे ती जाता जाता पाहून घेते. बसले की आकड्यांवर भिस्त ठेवता येते.

आयओवेटबद्दल तिचं मत कठोर आहे. टॉप या कमांडमध्ये दिसणारा हा टक्का बहुतेकांना डिस्कचा ताण वाटतो. प्रत्यक्षात तो प्रोसेसरच्या रिकाम्या वेळेचा एक हिस्सा आहे: प्रोसेसर मोकळा होता आणि डिस्कचं काही काम अर्धवट होतं, असा वेळ. त्याच मशीनवर कुणी प्रोसेसरला जुंपणारा एखादा जड रिपोर्ट लावला, तर आयओवेट खाली येतो. डिस्कपुढची रांग तेवढीच असते, फक्त प्रोसेसर आता मोकळा नसतो. अशा वेळी ‘आयओवेट उतरला, प्रश्न सुटला’ असा निरोप जातो आणि काउंटरवर चक्र फिरतच राहतं.

तिच्या अनुभवातली सर्वांत शिकवणारी घटना २०१५ सालची. पतसंस्थांचा डेटा ७,२०० फेऱ्यांच्या ४ टीबी डिस्कच्या जोडीवर होता, सॉफ्टवेअर रेडने एकमेकींची प्रत असलेल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला, रविवारी सकाळी, एका शाखेचा फोन आला. गावच्या आठवडी बाजारामुळे ही शाखा रविवारीही उघडी असायची. सगळं लटकलंय, रात्रीचं व्याज आकारणीचं कामही अजून संपलेलं नाही. दुपारनंतर आपोआप सुरळीत झालं. १ मार्चला पुन्हा तेच. मग महिनोन्‌महिने काही नाही, आणि लोक ते विसरूनही गेले. १ नोव्हेंबरला तिसऱ्यांदा तोच फोन.

तोवर संशयाचे धागे भलतीकडे गेले होते. कुणी डेटाबेसच्या नव्या आवृत्तीवर, कुणी बॅकअपवर बोट ठेवलं. तिच्या हाती मात्र नोंदी होत्या. सिसस्टॅटमधलंच सार हे साधन दर दहा मिनिटांनी आकडे टिपून ठेवतं. डेबियनमध्ये ही टिपणी आपणहून सुरू होत नाही, एका फाइलीत जाऊन चालू करावी लागते, आणि जुन्या नोंदी काही दिवसांनी पुसल्या जातात. तिने ती चालू केली होती आणि नोंदी वर्षभर राहतील अशी सोय केली होती. तिन्ही तारखांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. एकत्रित रेड डिव्हाइसवर रीड माफक होते, पण त्याखालच्या दोन्ही डिस्क सेकंदाला शंभराहून जास्त मेगाबाइट वाचत होत्या, अगदी एकसारख्या. डेटाबेसने मागितलं असतं तर ते वरच्या डिव्हाइसवरही दिसलं असतं. म्हणजे वाचणारा कुणीतरी रेडच्या खालच्या बाजूला होता. आणि तिन्ही वेळा सुरुवात झाली होती रात्री एकच्या सुमारास.

१२ वाजून ५७ मिनिटं, महिन्याचा पहिला रविवार. त्या काळच्या डेबियनमध्ये सॉफ्टवेअर रेडच्या पडताळणीची वेळ तीच ठरलेली होती. जोडीतल्या दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचून प्रती जुळतात का हे बघितलं जातं. ४ टीबी सरासरी १५० मेगाबाइटने वाचायचे तर सव्वासात तासांहून जास्त लागतात, आणि मध्ये दुसरं काम आलं तर हेड पुढे-मागे पळत राहून आणखी वेळ जातो. पण पडताळणी दर महिन्याला होत होती, मग तक्रार तीनदाच का? उत्तर कॅलेंडरमध्ये होतं. २०१५ मध्ये पहिली तारीख रविवारी आली ती फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर या तीनच महिन्यांत. त्या तीनच वेळा महिनाअखेरची रात्र शनिवारची होती, म्हणून व्याज आकारणीचं अवजड काम आणि पडताळणी एकाच रात्री समोरासमोर आली. एरवीच्या पहिल्या रविवारी डिस्क तितक्याच राबत होत्या, पण त्यांच्याकडे फारसं काही मागणारं कुणी नव्हतं.

पडताळणी बंद करून टाका, असा सल्ला लगेच आला. तिने तो मानला नाही, आणि ते योग्यच होतं. डिस्कवर महिनोन्‌महिने न वाचलेले कोपरे असतात. तिथला सेक्टर खराब झाला तरी वाचेपर्यंत कळत नाही. जोडीतली एक डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर प्रत उतरवताना दुसरीतला असा सेक्टर समोर आला, तर त्या जागेचा डेटा हातचा जातो. पतसंस्थेत तो डेटा म्हणजे कुणाच्या तरी मुदत ठेवीची नोंद. तिने पडताळणी तिसऱ्या रविवारवर नेली आणि कर्नलमधली वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ६० मेगाबाइटपर्यंत उतरवली. काम साडेअठरा तासांवर गेलं, पण काउंटरवर त्याची झळ पोचेनाशी झाली.

या प्रकरणात दहा मिनिटांच्या सरासरीने काम भागलं, कारण त्रासही तासन्‌तास टिकणारा होता. नेहमी तसं होत नाही. एका सेकंदात १,००० रिक्वेस्ट आल्या, त्यातल्या ९९० एका मिलिसेकंदात आटोपल्या आणि दहांना प्रत्येकी ८०० मिलिसेकंद लागले असं समजा. सरासरी येते सुमारे ९ मिलिसेकंद. फिरत्या डिस्कसाठी हा आकडा अगदी सुस्थितीतला. पण त्या दहांपैकी एक रिक्वेस्ट एखाद्या व्यवहाराच्या कमिटची असेल, तर तिच्यामागे कुलूप घेऊन थांबलेले सगळे व्यवहार खोळंबतात. सरासरी ही डिस्कच्या बाजूने केलेली मोजणी आहे. थांबलेल्या माणसाच्या बाजूने मोजायचं तर प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ वेगळा पाहावा लागतो, आणि या एका मुद्द्यावर ती सहकाऱ्यांशी सर्वांत जास्त वाद घालते.

तसं पाहण्याची सोय आधी सोलारिसवर आली. सनने २००५ मध्ये सोलारिस १० सोबत डीट्रेस दिलं आणि चालू सिस्टिमच्या आत, तिला न थांबवता, डोकावता येऊ लागलं. त्या परंपरेतला ब्रेंडन ग्रेग यांचा एक छोटा व्हिडिओ ती प्रशिक्षणात आवर्जून दाखवते. २००८ च्या डिसेंबरअखेरचा. डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून ते मोठ्याने ओरडतात आणि लगेच स्क्रीनवरच्या आलेखात लेटन्सीचे ठिपके वर उसळतात. आवाजाच्या कंपनाने हेड ट्रॅकवरून किंचित ढळतं आणि डिस्कला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. हे केवळ प्रयोगापुरतं नाही. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अग्निशमन यंत्रणेची चाचणी चालू असताना वायू सुटण्याच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा कित्येक तास बंद राहिल्या.

आता लिनक्सवरही कर्नलमधल्या ईबीपीएफ या सोयीमुळे ही नजर मिळाली आहे. बायोलेटन्सी हे साधन लावलं की रिक्वेस्टच्या वेळांची विभागणी मायक्रोसेकंदांच्या दुपटीने वाढणाऱ्या गटांत उभी राहते. निरोगी डिस्कची विभागणी एका टेकडीसारखी दिसते. तिला धास्ती वाटते ती दूर उजवीकडे उगवलेल्या दुसऱ्या छोट्या उंचवट्याची. असाच उंचवटा दिसला म्हणून तिने एकदा जोडीतल्या दोन्ही डिस्क वेगवेगळ्या तपासल्या. काम दोघींना सारखंच मिळत होतं, पण एकीचा रीड अवेट दुसरीच्या कित्येक पट होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्टमध्ये १९७ क्रमांकाचा रकाना, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, वाढत चालला होता. डिस्क मेलेली नव्हती. एकेका दुबळ्या सेक्टरवर पुन:पुन्हा प्रयत्न करत होती आणि रेडला वाटत होतं सगळं ठीक आहे. सर्व्हरसाठीच्या डिस्क असा प्रयत्न साधारण सात सेकंदांत सोडून देतात आणि रेडला दुसऱ्या प्रतीकडे जाऊ देतात. घरगुती डिस्क याहून कितीतरी जास्त वेळ झुंजत राहतात. ती डिस्क बदलली त्याच दिवशी उंचवटा गेला.

मात्र एकट्या स्मार्टवर ती विसंबत नाही. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट जास्त निघाली. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. स्मार्टने धोक्याची घंटा वाजवली तर ऐकायचं. ती वाजली नाही म्हणून डिस्क धडधाकट, असं धरायचं नाही. म्हणूनच अवेटची रोजची नोंद हवी.

राइटची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. प्रोग्रॅमने लिहिलेलं आधी मेमरीत साचतं आणि कर्नल सवडीने ते डिस्कवर उतरवतो, म्हणून राइट झटपट वाटतात. डेटाबेस मात्र प्रत्येक कमिटला एफसिंक करून ‘खरंच उतरलं का’ असं विचारतो, आणि तिथे उधारी चालत नाही. हार्डवेअर रेड कंट्रोलर इथे मदतीला येतो. बॅटरीच्या आधारावर तो आपल्या कॅशमध्ये लिहून घेतो आणि लगेच होकार देतो. एका सर्व्हरवर काही महिन्यांच्या ठरावीक अंतराने राइट अवेट एका मिलिसेकंदाच्या आतून एकदम पंधरा-वीसवर जायचा, काही तास तिथेच राहायचा आणि उतरायचा. कामाचा भार तोच, डिस्क ठणठणीत. कंट्रोलरच्या स्वतःच्या नोंदी उघडल्यावर उलगडा झाला. बॅटरीची क्षमता मोजण्यासाठी कंट्रोलर ती पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करत होता आणि तोवर कॅशचा आधार सोडून थेट डिस्कवर लिहीत होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. फक्त ही क्रिया नेमकी कामाच्या दिवशी सकाळी सुरू होत होती. तिने ती रात्रीवर नेली.

तिला हे काम शिकवणारे सर सोलारिसवर वाढलेले. तिथल्या आयओस्टॅटमध्ये रिक्वेस्ट यजमान मशीनच्या रांगेत किती थांबली आणि डिस्ककडे गेल्यावर किती, असे दोन वेगळे रकाने असतात. लिनक्सच्या अवेटमध्ये दोन्ही एकत्र मिसळलेले. सरांना हे कायम खटकलं, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे, कारण उपाय दोन्हींवर वेगळे. फ्रीबीएसडीवरच्या जीस्टॅटचं मात्र दोघंही कौतुक करतात: सुटसुटीत, सतत ताजं होणारं, रीड आणि राइटचे मिलिसेकंद समोरच. एका युनिक्सवरून दुसऱ्यावर जाताना नावापेक्षा व्याख्या तपासावी लागते. लोड अ‍ॅव्हरेजचंच पाहा. लिनक्समध्ये डिस्कसाठी अडकून बसलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात, इतर युनिक्सांत साधारणपणे नाही. प्रोसेसर रिकामा आणि लोड ४० दिसला, तर लिनक्सवर डिस्ककडे पाहायला हवं.

नवे सर्व्हर एनव्हीएमईवर आले, तेव्हा यूटिलवर लावलेली धोक्याची सूचना तिने काढून टाकली. हजारो रिक्वेस्ट एका वेळी पोटात घेणाऱ्या डिव्हाइसवर तिचा काही उपयोग उरला नव्हता. त्या जागी आली प्रेशर स्टॉलची मोजणी. फेसबुकच्या अभियंत्यांनी लिहिलेली ही सोय २०१८ च्या डिसेंबरात लिनक्स ४.२० मध्ये दाखल झाली. डिस्कसाठी किमान एक काम किती टक्के वेळ खोळंबलं आणि सगळीच्या सगळी कामं किती टक्के वेळ खोळंबली, हे ती दहा सेकंद, एक मिनिट आणि पाच मिनिटांच्या सरासरीने सांगते. थांबणाऱ्याच्या बाजूने मोजण्याची तिची जुनी मागणी थेट कर्नलमध्येच पुरी झाली. ३१ मार्चच्या रात्री, सगळ्या पतसंस्थांचं वर्षअखेरचं काम चालू असताना, ती आता आधी याच मोजणीची फाइल उघडते.

नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना ती पहिल्या आठवड्यात आयओस्टॅट वापरू देत नाही. प्रॉक फाइलसिस्टिममधली डिस्कस्टॅट्स ही कच्ची फाइल त्यांच्यापुढे ठेवते. दहा सेकंदांच्या अंतराने ती दोनदा वाचायची, वजाबाकी करायची आणि स्वतःचा छोटा आयओस्टॅट लिहायचा. रीडमध्ये गेलेले मिलिसेकंद भागिले पूर्ण झालेले रीड, की अवेट मिळाला. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, डिस्कचा सेक्टर तर ४,०९६ बाइटचा आहे, मग गुणायचं कशाने?’ उत्तर, ५१२ नेच. या फाइलीतला सेक्टर डिस्क कुठलीही असली तरी ५१२ बाइटचाच धरलेला असतो. आणि जवळपास प्रत्येकाची स्क्रिप्ट पहिल्यांदा कोसळते ती शांत डिस्कवर, शून्याने भागाकार होऊन. मग ती आयओस्टॅटचा कोड उघडून दाखवते: रीड झालेच नसतील, तर तिथे अवेटच्या जागी सरळ शून्य लिहिलं जातं. त्यामुळे तक्त्यात शून्य दिसलं, तर डिस्क झपाट्याने उत्तर देतेय की तिला कुणी काही विचारलेलंच नाही, हे शेजारचा रीडचा रकाना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.